हायब्रिड घेण्याआधी आपला रस्ता मोजा

नागपुरात दारात नवी गाडी उभी राहिली की पेढा हातात यायच्या आधी प्रश्न येतो, "अ‍ॅव्हरेज किती देते भाऊ?" हायब्रिडच्या, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीच्या बाबतीत या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणं मला आजवर जमलेलं नाही.

माझ्या गाडीच्या खणात एक वही आहे. २०२३ च्या दिवाळीत स्ट्राँग हायब्रिड घेतली, तेव्हापासून टाकी फुल्ल केली की तारीख, किलोमीटर आणि लिटर तिच्यात लिहितो. एका पानावर लिटरला २४.३ किलोमीटर आहे, दुसऱ्यावर १६.९. गाडी तीच आणि चालवणाराही मीच. पहिला आकडा डिसेंबरातला, मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स अशा रोजच्या ये-जा करण्याचा. दुसरा मे महिन्यातला, चार माणसं आणि सामान भरून समृद्धीवरून शिर्डीला निघालो तेव्हाचा. मालकांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं कारण या दोन पानांत आहे. प्रत्येक जण गाडीबद्दल बोलतो आहे असं वाटतं, पण खरं तर तो आपल्या रस्त्याबद्दल सांगत असतो. म्हणून हायब्रिड घ्यायची असेल तर गाडी बघायच्या आधी रस्ता मोजा. तो कसा मोजायचा, गाड्यांची तुलना कशी करायची आणि घेतल्यावर चालवायची कशी, ते क्रमाने लिहितो.

आधी 'हायब्रिड' या शब्दाचा उलगडा

कोटेशनवर हायब्रिड लिहिलेलं असलं तरी दोन अगदी वेगळ्या गोष्टी त्या नावाखाली विकल्या जातात. माइल्ड हायब्रिडमध्ये इंजिनाला पट्ट्याने जोडलेली एक लहान मोटर असते. ती स्टार्टरचं काम करते, थोडी चार्जिंग करते, पिकअपला जरा हात लावते. त्या मोटरवर गाडी चालत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर चाकं फिरवते आणि इंजिन पूर्ण बंद असतानाही गाडी पुढे जाते. दोन्हींत चार्जर लावायची भानगड नाही. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा: इंजिन बंद ठेवून गाडी हलते का? उत्तर 'नाही' असेल तर ती पेट्रोल गाडीच समजा आणि किंमतही तशीच तोला.

गोंधळ वाढतो कारण एकाच मॉडेलमध्ये दोन्ही मिळतात. २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा या दोन्ही गाड्यांत दीड लिटरचं चार सिलेंडरचं माइल्ड इंजिन आहे आणि दीड लिटरचंच, पण तीन सिलेंडरचं स्ट्राँग हायब्रिड आहे. कंपनीचा चाचणीतला आकडा मॅन्युअल माइल्डसाठी २१ च्या आसपास, स्ट्राँगसाठी २७.९७. या दोन गाड्या आतून सख्ख्या बहिणी आहेत आणि दोन्ही टोयोटाच्या बिडदी कारखान्यात तयार होऊ लागल्या. त्यामुळे त्यांच्यात मायलेजची तुलना करत बसू नका. घराजवळ सर्व्हिस सेंटर कोणाचं आहे, वेटिंग किती आणि कोणत्या व्हेरियंटमध्ये हवं ते मिळतं, एवढंच बघा. मोठं कुटुंब असेल तर इनोव्हा हायक्रॉस आणि तिचीच मारुतीची आवृत्ती इन्व्हिक्टो आहे. दोन्हींच्या हायब्रिडमध्ये दोन लिटरचं इंजिन, आकडा २३.२४. होंडा सिटीचं हायब्रिड वेगळ्या पद्धतीचं आहे. शहरात तिचं इंजिन बहुतेक वेळ फक्त वीज तयार करतं आणि मोटर गाडी ओढते. हायवेच्या वेगाला क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं.

डिक्की मात्र प्रत्यक्ष उघडून बघा. बॅटरी कुठे तरी ठेवावी लागतेच. ग्रँड विटारामध्ये माइल्डची डिक्की ३७३ लिटरची, स्ट्राँगची २६५. सिटीमध्ये साध्या पेट्रोलला ५०६ आणि हायब्रिडला ३०६. लिटरवरून अंदाज येत नाही. मी घरून दोन मोठ्या सुटकेस आणि संत्र्याची एक रिकामी पेटी घेऊन शोरूमला गेलो होतो. सुटकेस आडव्या बसल्या, पेटी मागच्या सीटवर आली. बायकोने तिथेच विचारलं, "आई बसतील तेव्हा पेटी कुठे?" हा प्रश्न घरी गाडी आणल्यावर पडण्यापेक्षा शोरूममध्ये पडलेला बरा.

सात दिवस रस्ता लिहा

आत्ताच्या गाडीवर किंवा बाइकवर एक आठवडा प्रत्येक फेरी लिहा. किती किलोमीटर, किती सिग्नलला थांबलो, गाडी साठच्या वर किती वेळ होती, आणि फेरी सुरू करताना इंजिन गार होतं की गरम. शेवटची नोंद लोक सोडून देतात आणि तीच पुढे नडते.

धरमपेठेत माझ्या चुलत वहिनी राहतात. गाडी घेऊन चार महिने झाले तेव्हा त्या रागाने म्हणाल्या, "चौदाच्या वर जाऊनच नाही राहिली. फसवलं ना आम्हाले!" मी त्यांच्या फेऱ्या विचारल्या. सकाळी मुलाला शाळेत सोडणं दोन किलोमीटर, मग गोकुळपेठेत भाजी, दुपारी परत शाळा, संध्याकाळी क्लास. म्हणजे दिवसातून चारदा गार इंजिन सुरू. हायब्रिड असली तरी सुरुवातीची काही मिनिटं इंजिन स्वतः गरम व्हायला आणि धुराड्यातलं, धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला चालतंच, बॅटरी भरलेली असली तरीही. दोन किलोमीटरच्या फेरीत तेवढ्यातच घर येतं. गाडीत दोष नव्हता. त्यांनी भाजी आणि शाळा एका फेरीत जोडली, तेव्हा आकडा अठराच्या पुढे गेला.

उलट ज्याचा रोजचा रस्ता दहा-पंधरा किलोमीटरचा, सिग्नलांनी भरलेला, वेग चाळीस-पन्नासचा, त्याच्यासाठी हायब्रिड जणू बेतूनच केलेली आहे. मानकापूर ते वर्धा रोड किंवा हिंगणा एमआयडीसी ते सदर अशी ये-जा करणाऱ्यांचे आकडे मी पाहिले आहेत, बावीसच्या खाली कोणी बोलत नाही.

मग हिशेब

पेट्रोल १०४ रुपये लिटर धरतो. तुमच्याकडे भाव वेगळा असेल तर तो घाला. शहरात पेट्रोल गाडी १३ आणि स्ट्राँग हायब्रिड २२ देते असं धरलं तर किलोमीटरला आठ रुपये आणि पावणेपाच रुपये पडतात. वाचले सव्वातीन रुपये. ऑन रोड किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो वसूल व्हायला साधारण ९२ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला १२ हजार चालवणाऱ्याला साडेसात वर्षं, २४ हजारवाल्याला चारपेक्षा कमी.

आता हाच हिशेब हायवेवर करा. शंभरच्या वेगाला पेट्रोल १७ आणि हायब्रिड १९ देते म्हटलं तर वाचतात किलोमीटरला ६५ पैसे. तीन लाख वसूल व्हायला साडेचार लाखांहून जास्त किलोमीटर. तेवढी गाडी आपण चालवतच नाही. माझे साडू रोज बुटीबोरीला जातात, जवळजवळ सगळा रस्ता चौपदरी. त्यांना मी स्वतः पेट्रोल मॅन्युअल घ्यायला सांगितलं आणि ते समाधानी आहेत.

एक चूक जवळजवळ सगळे करतात. स्ट्राँग हायब्रिड ही ऑटोमॅटिकच असते, तिच्यात पायाने दाबायचा क्लच नाही. तिची किंमत मॅन्युअल पेट्रोलशी लावली तर फरक फुगतो. ऑटोमॅटिक पेट्रोलशी, सारख्याच सोयींच्या व्हेरियंटशी लावा. फरक दोन लाखांवर आला तर वरच्या शहरी हिशेबाने तो ६१ हजार किलोमीटरमध्ये फिटतो.

किमती दुसऱ्या राज्यातल्या मालकांकडून ऐकून हुरळून जाऊ नका. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडला नोंदणीचा कर माफ केला, तिथल्या मालकांचे ऑन रोड आकडे आपल्या एमएच-३१ किंवा एमएच-४९ ला लागू होत नाहीत. जीएसटीतही इलेक्ट्रिकला ५ टक्के आहे. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, म्हणजे त्याच मापाच्या पेट्रोल गाडीएवढाच.

मालकाला काय विचारायचं

"कशी आहे?" असं विचारलं की "मस्त आहे" हेच ऐकायला मिळतं. त्याऐवजी मागच्या तीन टाक्यांचे आकडे विचारा आणि ते स्क्रीनवरचे की पंपावर मोजलेले, तेही. माझ्या गाडीत स्क्रीन एक-दीड किलोमीटर जास्त दाखवते. मग रोजचा रस्ता, एसीचं तापमान, गाडीत माणसं किती. शेवटी विचारा की परत घ्यायची झाली तर हीच घ्याल का, आणि नसेल तर कशासाठी नाही. मला या शेवटच्या प्रश्नातून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. एकाने तीन सिलेंडरचा आवाज सांगितला, एकाने डिक्की, एकाने मागच्या सीटवर डोक्याला कमी पडणारी जागा. मायलेजबद्दल तक्रार करणारे मोजके भेटले आणि जवळपास सगळे हायवेवाले होते.

टेस्ट ड्राइव्ह आपल्या वेळेला, आपल्या रस्त्यावर

पहिल्या वेळी मला दुपारी तीन वाजता मोकळ्या रस्त्यावर बारा मिनिटं गाडी दिली. स्क्रीनवर २९ दिसलं आणि सेल्समनने त्याचा फोटो काढून मला पाठवला. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता, कारण बॅटरी सुरुवातीला जवळजवळ भरलेली होती आणि परत आलो तेव्हा दोन कांड्यांवर होती. या बॅटऱ्या लहान असतात, हायरायडरची एका युनिटपेक्षाही कमी, ०.७६ किलोवॉट-अवर. दीडशे किलोमीटरच्या प्रवासात त्याने काही बिघडत नाही, पण आठ किलोमीटरच्या फेरीत आकडा चांगलाच फसवा होतो.

दुसऱ्या वेळी हट्ट धरून संध्याकाळी साडेसहाची वेळ घेतली. घरातले चौघं बसलो, एसी २४ वर, ट्रिप मीटर शून्यावर, बॅटरीच्या कांड्यांचा फोटो. रहाटे कॉलनी, पंचशील, झाशी राणी, व्हरायटी चौक, सीताबर्डीच्या गर्दीतून वळसा आणि परत. बॅटरी सुरुवातीएवढीच भरलेली असताना आकडा वाचला, २१.४ होता. घरी आणल्यावर पहिल्या दोन महिन्यांत पंपावर मोजलेला आकडा याच्या अगदी जवळ आला. मला पटवलं ते या एका फेरीने.

त्या फेरीत कान उघडे ठेवा. गर्दीत रांगताना गाडी शांत असते, मागच्या रिक्षाचं इंजिनही ऐकू येतं. मग वर्धा रोडच्या डबल डेकर उड्डाणपुलाच्या चढावर चौघांना घेऊन अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनाचा आवाज एकदम वर जातो आणि तिथेच टिकून राहतो, वेग मागाहून येतो. गिअर बदलल्याची जाणीव होत नाही, कारण नेहमीचा गिअरबॉक्सच नाही. टोयोटा-मारुतीच्या हायब्रिडमध्ये इंजिन आणि मोटर एका ग्रहचक्र गिअरने जोडलेले असतात. काही जणांना हा आवाज अजिबात आवडत नाही. तुम्ही त्यातले आहात का, ते त्या चढावरच ठरवा. ब्रेकही लक्ष देऊन दाबा. सुरुवातीचं दाबणं मोटर झेलते आणि वीज परत बॅटरीत भरते, खरे ब्रेक नंतर लागतात. अगदी थांबता थांबता पायाखाली किंचित फरक जाणवतो, चार दिवसांत सवय होते.

शहरात चालवताना

आपल्याकडे सिग्नलला गाडी न्यूट्रल करायची जुनी सवय आहे. हायब्रिडमध्ये ती मोडा. न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही आणि एसी मात्र तिच्यावरच चालू असतो. 'डी'मध्ये (ड्राइव्ह) ब्रेकवर पाय ठेवा, फार वेळ थांबायचं असेल तर 'पी' (पार्किंग).

दुसरं, गोगलगायीसारखं निघू नका. मलाही वाटायचं की जितकं हळू तितकं चांगलं. तसं केलं तर मोटर एकटी ओढत राहते, बॅटरी रिकामी होते आणि मग इंजिनाला गाडीही ओढावी लागते आणि बॅटरीही भरावी लागते. नेहमीसारखं निघा, पंचेचाळीस-पन्नासपर्यंत इंजिनाला काम करू द्या, मग पाय क्षणभर उचला. इंजिन बंद होतं. पुन्हा अगदी हलका पाय द्या, गाडी मोटरवर तरंगत राहते. पुढचा सिग्नल लाल दिसला की दुरूनच ब्रेकवर हलका पाय ठेवा आणि डॅशबोर्डवरचा काटा 'चार्ज'च्या पट्टीत राहू द्या. शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक मारला की तीच ऊर्जा ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. गाडी नुसत्या मोटरवर चालवणारं ईव्हीचं बटण मी फक्त रात्री गल्लीत आवाज नको म्हणून दाबतो. त्याने मायलेज वाढत नाही, खर्चलेली वीज शेवटी पेट्रोलनेच भरायची असते.

टायरची हवा सकाळी, गाडी फिरायच्या आधी भरा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. दुपारी तापलेल्या टायरवर घेतलेलं मोजमाप जास्त दाखवतं.

समृद्धी आणि घाट

शिवमडक्याहून समृद्धीवर चढलं की वेगमर्यादा १२० आहे, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभरऐवजी एकशेवीसने गेलं की तो ४४ टक्के जास्त. इथे ब्रेक लागत नाहीत, म्हणून वीज परत मिळत नाही, आणि इंजिन सतत चालू. माझ्या वहीत शंभरला क्रूझ लावून साडेएकोणीस आहे आणि एकशेवीसला सतराच्या खाली.

चिखलदरा उतरताना गिअर लिव्हरवरचं 'बी' (ब्रेकिंग) वापरा. लहान बॅटरी उतारावर लवकरच भरते आणि त्यानंतर मोटरला वीज टाकायला जागा उरत नाही. मग 'बी'मध्ये इंजिन फिरवून गाडी रोखली जाते आणि ब्रेक तापत नाहीत. सपाट रस्त्यावर 'बी' नको.

नागपूरचा उन्हाळा

याबद्दल बाहेरगावचे मालक फारसं सांगत नाहीत, म्हणून जरा थांबून लिहितो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या वरही जातो, चौकात सिग्नलपाशी हिरव्या जाळ्या बांधलेल्या असतात. अशा वेळी माइल्ड हायब्रिड सिग्नलला इंजिन बंद करते तेव्हा एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, अर्ध्या मिनिटात गरम हवा येते. स्ट्राँग हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिन बंद असलं तरी गारवा टिकतो. आई शेजारी बसलेली असताना याची किंमत कळते. पण ती वीज कुठून तरी भरावीच लागते, म्हणून मे महिन्यात इंजिन सारखं चालू-बंद होतं आणि माझा शहरातला आकडा २४ वरून १९-२० वर येतो. हा बिघाड नाही.

बॅटरीलाही ऊन सोसत नाही. तापली की ती कमी वीज देते आणि कमी घेते. तिला थंड ठेवणारी हवा बहुतेक गाड्यांत केबिनमधूनच ओढली जाते. त्या हवेची जाळी कुठे आहे ते मालकाच्या पुस्तिकेत बघा आणि तिच्यावर पिशवी, चादर, सीट कव्हर येऊ देऊ नका. आपल्याकडच्या धुळीने ती भरते, सर्व्हिसिंगला साफ करायला लिहूनच द्या. गाडी सावलीत लावा. उन्हात लावावी लागली तर आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्या, मग एसी. इंजिन ऑइल पुस्तिकेतल्या पातळ ग्रेडचंच. आणि म्युझिक सिस्टिम किंवा लाइट बसवणाऱ्याला नारिंगी रंगाच्या केबलला हात लावू देऊ नका, त्यात उच्च दाबाची वीज असते.

पाणी, विमा, आणि ती लहान बॅटरी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत उभ्या गाड्या बुडाल्या. माझी गाडी त्यानंतर आली, त्यामुळे विमा घेताना मी दोन गोष्टी अडून विचारल्या: पाण्याने इंजिन गेलं तर भरपाई आहे का, आणि हायब्रिड बॅटरी त्यात धरली आहे का. दुसऱ्यासाठी बऱ्याचदा वेगळं कव्हर घ्यावं लागतं. उत्तर लेखी घ्या. बॅटरीची वॉरंटी टोयोटा आणि मारुती आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात, पण ती बिघाडासाठी, पुरासाठी नाही. गाडीत पाणी शिरलं असेल तर बटण दाबून बघू नका, टोइंग बोलवा.

मोठ्या बॅटरीची काळजी सगळे करतात, अडवते मात्र १२ व्होल्टची लहान बॅटरी. मागच्या उन्हाळ्यात आम्ही चोवीस दिवस मुलीकडे पुण्याला होतो. परत आलो तर रिमोटने दारच उघडेना. मोठी बॅटरी ठीक होती, पण सगळे कॉम्प्युटर आणि कुलुपं लहान बॅटरीवर चालतात आणि ती संपली होती. फोनवर सर्व्हिस सेंटरने दोन दिवसांनी माणूस पाठवतो म्हटलं. शेवटी शेजारच्या काकांच्या गाडीवरून वायर जोडून जंप दिला, तेव्हा डॅशबोर्डवर 'रेडी' ही गाडी चालू झाल्याची खूण आली. तेव्हापासून लांब जायचं असेल तर भावाला किल्ली देऊन जातो. आठ-दहा दिवसांनी तो येतो, ब्रेक दाबून बटण दाबतो, 'रेडी' हिरवं दिसल्यावर अर्धा तास गाडी तशीच ठेवतो. नुसतं रेडिओपुरतं बटण दाबून चार्ज होत नाही, उलट उतरते. दुसऱ्याच्या गाडीला आपल्या हायब्रिडवरून जंप देऊ नका, ही लहान बॅटरी मोठा स्टार्टर फिरवायला बनवलेलीच नाही. ती कुठे बसवली आहे आणि जंपची जागा कोणती, हे डिलिव्हरीच्या दिवशी पेढे वाटायच्या आधी बघून घ्या. रिमोटच्या पोटातली साधी धातूची किल्ली काढून दार उघडूनही तेव्हाच बघा, अंधारात पार्किंगमध्ये उभं राहून ती शोधायची वेळ येऊ नये.